घोडा दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी

भारतीय संविदा अधिनियम, १८७२, हा करारमदारांचा कायदा. अशा रूक्ष कलमांच्या ग्रंथात घोडे भेटतील अशी कोणाची अपेक्षा नसते. परंतु एकाची वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात जाते तेव्हा कोणाचे काय कर्तव्य, हे सांगणाऱ्या प्रकरणात ते पुन्हा पुन्हा भेटतात. एका उदाहरणात एक गृहस्थ आपला घोडा दुसऱ्यास वापरावयास देतो. घोडा द्वाड आहे हे देणाऱ्यास ठाऊक असते, पण तो काही बोलत नाही. घोडा उधळतो, स्वार पडून जायबंदी होतो. भरपाई देणे येते ते घोड्याच्या मालकाकडे. दुसऱ्या उदाहरणात घोडा केवळ नेणाऱ्याच्या स्वतःच्या सवारीसाठी दिलेला आहे; तो मात्र आपल्या घरच्या माणसास बसू देतो. हा माणूस जपून रपेट करतो, तरी घोडा अकस्मात पडून दुखावतो. येथे भरपाई नेणाऱ्याने द्यावयाची. तिसऱ्यात कलकत्त्याहून काशीस जाण्यासाठी म्हणून भाड्याने घेतलेला घोडा कटकेच्या वाटेला लावला जातो, आणि पडतो. पुन्हा दोष नेणाऱ्याचाच.

या व्यवहाराला विधिभाषेत ‘निक्षेप’ असे नाव आहे. शब्द जुना, धर्मशास्त्रातला, आणि भारदस्त आहे यात शंका नाही. पण निक्षेप म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे मोहरबंद पेटीतील दागिने उभे राहतात. पेटी जशी ठेवली तशी राहते. घोडा खातो, घाबरतो, आजारी पडतो, नवी सवय लावून घेतो, आणि परत येताना कधीकधी असे काही बरोबर आणतो की जे नेताना त्याच्या अंगी नव्हते. म्हणूनच घोडा द्यावयाचा तर त्याच्यासंबंधीची माहितीही त्याच्याबरोबर दिली गेली पाहिजे. कायद्याने ही गोष्ट १८७२ सालीच ओळखली. फुकट दिलेल्या वस्तूचे जे दोष देणाऱ्यास माहीत आहेत ते त्याने सांगितलेच पाहिजेत. आणि वस्तू भाड्याने दिली असेल तर दोष आपणास ठाऊक नव्हता ही सबबही चालत नाही. त्या माहितीत काय काय यावयास हवे, हे घोड्याच्या शरीराकडे पाहून ठरवावयाचे.

भारतात घोड्यांची संख्या झपाट्याने घटली आहे. २०१२ च्या पशुगणनेत घोडे व तट्टे मिळून सव्वासहा लाखांच्या आसपास भरली होती. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत ती सुमारे ३ लाख ४० हजार उरली. जेथे घोडा राहिला आहे तेथे तो बहुधा एकाच माणसाच्या कामाचा राहिलेला नाही. लग्नसराईत वरातीची घोडी या गावाहून त्या गावी जाते. केदारनाथ आणि वैष्णोदेवीच्या वाटांवर यात्रेच्या मोसमापुरती घोडी-खेचरे एकाच्या मालकीची आणि दुसऱ्याच्या हाती असतात. मोटारींना मज्जाव असलेल्या माथेरानात घोडा हे एक प्रमुख वाहन. मोठ्या शहरांत दोन कुटुंबे मिळून एक घोडा सांभाळतात, आणि शर्यतीतून निवृत्त झालेले जनावर ‘चांगल्या घरी जावे’ म्हणून कोणास विनामूल्य दिले जाते. शेवटचा प्रकार वरकरणी सर्वांत उदार वाटतो. परंतु फुकट मिळालेल्या घोड्याचा दाणापाणी फुकट मिळत नाही, आणि ज्याला तो परवडणार नाही त्याच्या दारी घोडा बांधणे यात औदार्य थोडेच आहे.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. मराठी फौजेत सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार, हे दोन वर्ग होते. घोडा पडला की शिलेदाराची उपजीविकाच बुडे. तेव्हा तो आपले जनावर जपून घाली, प्रसंगी लढाईतही हात राखून वागे, असे इतिहासकारांनी नमूद केले आहे. नुकसान ज्याच्या पदरी पडणार त्याप्रमाणे घोड्याचा वापर बदलतो, हा त्यातील बोध आजही तितकाच खरा आहे. नुकसानीचा काही भाग आपल्यावर येणार हे घेणाऱ्यास आधीच कळले असेल, तर तो खडकाळ उतारावर घोडा पळवण्यापूर्वी क्षणभर थांबेल.

पहिली गोष्ट भाराची. घोड्यावर कोण बसणार, हे विचारण्यास पुष्कळांना संकोच वाटतो. तसा संकोच करण्याचे कारण नाही. मोजपट्टी आणि साधा गुणाकार येथे पुरतो. घोड्याच्या पुढच्या पायांमागून, छातीभोवती, सेंटिमीटरांत घेर मोजावा. खांद्याच्या टोकापासून मागील पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी मोजावी. घेराचा वर्ग करून त्यास लांबीने गुणावे व ११,८८० ने भागावे. येणारा आकडा म्हणजे घोड्याचे किलोग्रॅममधील अंदाजी वजन. घेर १५० व लांबी १३५ असेल तर उत्तर सुमारे २५६ येते. आपल्याकडील लहान चणीचे पुष्कळ तट्टू याच्या आगेमागे असते.

आता, घोड्याने आपल्या वजनाच्या पंचमांशाहून अधिक भार वाहू नये असा जुना संकेत आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात आठ घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या १५, २०, २५ व ३० टक्के भार घालून पाहिला, तेव्हा वीस टक्क्यांपर्यंत विशेष फरक दिसला नाही. पंचवीस व तीस टक्क्यांना हृदयाचे ठोके अधिक चढले आणि पाठीचे स्नायू आखडून दुखू लागल्याची लक्षणे दिसली. आपल्या उदाहरणातील तट्टाचा पंचमांश होतो ५१ किलो, आणि यात खोगिराचेही वजन धरावयाचे. सत्तर किलोचा प्रौढ मनुष्य त्यावर बसला तर तो तट्टावर अन्यायच करतो, मग तो कितीही कुशल स्वार असो. भारवाही जनावरांसाठीचे १९६५ चे नियम तट्टाच्या पाठीवर जास्तीत जास्त ७० किलो ओझे घालू देतात. पण आपल्या या तट्टाच्या बाबतीत ते वजनाच्या सत्तावीस टक्के होते. कायद्याने घातलेली कमाल मर्यादा ही शिफारस समजू नये. त्याच नियमांनुसार जनावराकडून दिवसात नऊ तासांहून अधिक, किंवा विश्रांतीवाचून सलग पाच तासांहून अधिक काम घेता येत नाही. आणि जेथे तापमान ३७ अंश सेल्सियसच्या वर जाते तेथे दुपारी बारा ते तीन या वेळात मुळीच घेता येत नाही. जनावर दुसऱ्याच्या ताब्यात होते म्हणून मालक सुटतो असेही नाही. प्राण्यांच्या क्रूरतेस प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमानुसार, योग्य काळजी व देखरेख न ठेवणारा मालक स्वतः अपराधी मानला जातो.

घोड्याचे पोट हा यातील सर्वांत नाजूक विषय. गाय-म्हैस पाळलेल्या माणसाला वाटते की जनावर ते जनावर; वैरण टाकली की झाले. पण घोडा रवंथ करीत नाही. एवढ्या देहाच्या मानाने त्याचे जठर फारच लहान, आठ ते पंधरा लिटरांचे असते. निसर्गतः तो दिवसभर थोडे थोडे चरणारा प्राणी आहे. जठर व अन्ननलिका यांमधील स्नायूचे कडे इतके घट्ट असते की घोड्याला उलटी होत नाही. जे आत गेले ते पुढेच गेले पाहिजे. पुढे मोठ्या आतड्यात असंख्य सूक्ष्म जीव गवताचे तंतू कुजवून त्यातून शक्ती काढतात, आणि हे जीव नेहमीच्या चाऱ्याला सरावलेले असतात. काल कडबा व थोडे हरभरे खाणाऱ्या घोड्यास आज नव्या घरी कोणी प्रेमाने पाटीभर भरडलेला मका घातला, तर न पचलेले पिष्ट थेट मोठ्या आतड्यात उतरते; तेथे आंबण्याची क्रिया बेफाम होऊन आम्ल वाढते. परिणाम दोन, आणि दोन्ही भयंकर. एक पोटशूळ, ज्याने घोडा लोळतो, कुशीकडे वळून पाहतो, घामाघूम होतो आणि काही तासांत मरूही शकतो. दुसरा खुरांच्या आतील मृदू पडद्यांचा दाह, ज्याला लॅमिनायटिस म्हणतात. पोटातील बिघाडाने पाय कायमचे अधू व्हावेत, हे घोड्याच्या रचनेतील एक दुर्दैवी वैचित्र्य आहे.

यावर उपाय अगदी साधा आहे आणि तोच बहुधा विसरला जातो. घोड्याबरोबर त्याचा आठ-दहा दिवसांचा नेहमीचा चारा व दाणा द्यावा. घेणाऱ्याने तो नव्या चाऱ्यात मिसळीत, रोज थोडा थोडा बदल करीत जावे. सुके गवत वा कडबा वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे आपल्या तट्टास दिवसाला चार-पाच किलो, हा मुख्य आहार. धान्याची चंदी एका वेळी वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून, म्हणजे सव्वा किलोहून, अधिक नसावी. पाणी उन्हाळ्यात चाळीस लिटरही लागते. चंदी कोणत्या मापाने घालता हे लिहून द्यावे; ‘एक डबा’ म्हणजे कोणाच्या घरी किती, याचा भरवसा नाही.

आणखी एक धोका आहे तो फारच थोड्यांना ठाऊक असतो. गाई-म्हशींच्या व कोंबड्यांच्या काही तयार खाद्यांत मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते. गाईगुरांना ते मानवते. घोड्याला मात्र त्याची अल्प मात्राही हृदयाचे स्नायू नासवून मारक ठरते. घेणाऱ्याच्या गोठ्यात घोड्याशेजारी म्हैस बांधली असेल तर हे त्याला तोंडी सांगून भागणार नाही. कागदावर लिहून द्यावे, आणि गोठा सांभाळणाऱ्या माणसाला समोर बोलावून समजावून द्यावे. दाणा घालणारा तोच असतो.

यानंतर रोगांचा विचार, आणि येथे प्रश्न एका घोड्यापुरता राहत नाही. जून २००८ मध्ये जम्मूतील कटऱ्याजवळ घोड्यांमध्ये इन्फ्लुएन्झाची साथ उद्भवली. त्याआधीची मोठी साथ १९८७ ची. मधल्या एकवीस वर्षांत घोड्यांची नवी पिढी आली होती, जिला या विषाणूची ओळखच नव्हती. बघता बघता साथ अनेक राज्यांत पोहोचली. हा रोग श्वासावाटे, खोकल्यावाटे पसरतो आणि एक ते तीन दिवसांत लक्षणे दाखवतो. पण यात्रा, जत्रा, वराती यांच्या निमित्ताने ट्रकमधून हिंडणारे घोडे त्याला त्याहूनही वेगाने नेतात. २०२५ च्या मे महिन्यात, यात्रेच्या आरंभीच, केदारनाथच्या वाटेवर घोड्या-खेचरांची ये-जा याच रोगाच्या भयाने काही काळ थांबवावी लागली होती. इन्फ्लुएन्झातून उठलेला घोडा खाऊ-पिऊ लागला की बरा दिसतो. मालकाचे दिवस बुडत असतात, मागणारा दाराशी उभा असतो, आणि घोडा कामाला लावला जातो. वैद्यकाचा दंडक असा की जितके दिवस ताप होता तितके आठवडे विश्रांती, आणि कोणत्याही परिस्थितीत तीन आठवड्यांहून कमी नाही. एरवी फुप्फुसे व हृदय कायमची दुबळी होतात. घेणाऱ्याने ‘गेल्या महिन्यात घोडा आजारी होता काय’ हा प्रश्न स्पष्टपणे विचारावा तो यासाठी.

ग्लँडर्सची गोष्ट याहून गंभीर आहे. बर्खोल्डेरिया मॅलेई या जिवाणूपासून होणाऱ्या या रोगात नाकातून चिकट स्राव येतो, नाकपुडीत व्रण पडतात, कातडीवर गाठी येऊन फुटतात. पण काही घोडी महिनोन्महिने वरून ठीक दिसतात आणि तरीही रोग वाटीत असतात. वाटण्याचे साधन म्हणजे सामायिक हौद, सामायिक दाण्याची पाटी, एकाच्या तोंडचा काढून दुसऱ्याला बांधलेला तोबरा, आणि सामायिक साज. अनेक वर्षे नाहीसा झाल्यासारखा वाटणारा हा रोग २००६ मध्ये महाराष्ट्रात पुन्हा आढळला आणि त्यापाठोपाठ इतर राज्यांतही. तो माणसालाही होतो आणि प्राणघातक ठरू शकतो. बाधित घोड्यावर उपचार करीत नाहीत. खात्री पटताच त्याला वेदनारहित मरण देऊन पुरावे लागते. अशा रोगाची सूचना शासनाला देणे २००९ च्या अधिनियमाने बंधनकारक आहे. रक्त तपासूनच तो ओळखता येतो, आणि या तपासणीत हिसारच्या राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्राचा अधिकार देशात मानला जातो. घोडा देण्यापूर्वी तपासणी व्हावी हे घेणाऱ्याच्या हिताचे. तो परत घेण्यापूर्वी पुन्हा व्हावी हे देणाऱ्याच्या. दुसरी तपासणी शिष्टाचारास सोडून आहे असे मानणारे लोक आहेत. त्यांच्या तबेल्यात दुसरे घोडे नसावेत.

सर्रा हा रोग माणसे सुईनेही पसरवतात. १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने आज पाकिस्तानात असलेल्या डेरा इस्माइलखान येथे घोड्या-उंटांच्या रक्तात याचा सूक्ष्म परजीवी पाहिला, आणि तो पुढे त्याच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. रक्त पिणाऱ्या मोठ्या माश्या त्याला एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेतात. न उकळलेली, एकीकडून दुसरीकडे वापरलेली सिरिंजही नेते. अधूनमधून चढणारा ताप, चांगले खाऊनही खंगणारे अंग, पायांवर व पोटाखाली सूज, अशी खूण दिसल्यास घोडा कोठेच पाठवू नये. धनुर्वाताची लस मात्र प्रत्येक घोड्यास हवीच. कोणत्याही पाळीव जनावरापेक्षा तो या रोगाला लवकर बळी पडतो, आणि खिळ्याची एक जखम त्याला पुरते.

हे सर्व ज्या घोड्याविषयी लिहावयाचे तो हाच घोडा, हे पुढे कसे सिद्ध करावयाचे? अल्लाउद्दीन खिलजीने आणि नंतर अकबराने फौजेतील घोड्यांवर ‘दाग’ देण्याची पद्धत चालू केली ती एकच घोडा हजेरीत दोनदा दाखवण्याच्या किंवा चांगल्याऐवजी रोडका आणून उभा करण्याच्या लबाडीवर. आज डाग देण्याचे कारण नाही. मानेच्या कातडीखाली तांदळाएवढी क्रमांकाची चकती बसवता येते. तेही नसेल तर रंग, कपाळावरील चांदवा, पायांचे पांढरेपण आणि अंगावरील भोवरे यांचे टिपण व चारी बाजूंनी छायाचित्रे ठेवावीत. आपल्या घोडेवाल्यांची भोवऱ्यांवर फार भिस्त. देवमण असलेल्या घोड्याला सारंगखेड्याच्या बाजारात वेगळाच भाव मिळतो. भोवऱ्याने भाग्य ठरते याला शास्त्राचा काही आधार नाही. पण भोवरा जन्मभर जागा बदलत नाही, त्यामुळे ओळख पटवण्यास तो उत्तम, आणि जुन्या लोकांची नजर येथे आपल्या कामी येते.

दोघांनी मिळून घोडा ठेवावयाचा असेल तर वाद पैशांवरून होतो असा समज आहे. पैशांचा हिशेब त्यामानाने सोपा. आपल्या खेड्यांत अर्धलीने शेळी-गाय देण्याची पद्धत आहेच. चारा एकाचा, जनावर दुसऱ्याचे, वीत निम्मी. घोडी भागीत असेल तर शिंगरू कोणाचे हे ती गाभण राहण्यापूर्वी ठरवावे, कारण काहीच ठरले नसल्यास अधिनियम जनावराबरोबर त्याची वाढही मालकालाच देतो. नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी येतो. त्याची आणि दातांच्या तपासणीची पाळी कोणाची, हेही टिपावे. खरी अडचण निराळीच आहे. रात्री दोन वाजता घोड्याला पोटशूळ उठतो, मालक परगावी, फोन लागत नाही. पशुवैद्य विचारतो: शस्त्रक्रियेसाठी पुण्या-मुंबईस हलवायचे, की यातना थांबवायच्या? हा निर्णय घेण्याचा अधिकार कोणास, आणि कोणत्या खर्चापर्यंत, हे घोडा निरोगी असतानाच लिहून ठेवलेले असावे. त्या रात्री ते ठरवू पाहणारी माणसे पुढे एकमेकांशी बोलेनाशी होतात.

म्हणून आरंभी महिनाभर घोडा मालकाच्याच तबेल्यात ठेवून घेणाऱ्याने रोज तेथे यावे, हा सर्वांत शहाणपणाचा मार्ग. त्याने खरारा करावा, खूर उचलून पाहावेत, खोगीर स्वतः आवळावे. वाद्यांच्या गजरात उभा राहणारा वरातीचा घोडा एकटाच शेतात बांधला तर सैरभैर होतो, कारण कळप हेच त्याचे संरक्षण आहे. आणि एकाच्या हाताखाली शांत असलेला दुसऱ्याच्या घट्ट लगामाखाली उसळू शकतो. घोड्याचे स्वास्थ्यातील मापही या महिन्यात घेणाऱ्यास कळते: शरीरतापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सियस, नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६.

मुदतीविषयी एवढे ध्यानात असावे की फुकट दिलेली वस्तू मालक केव्हाही परत मागू शकतो, मुदत ठरली असली तरी. मात्र त्या मुदतीवर विसंबून घेणाऱ्याने काही केले असेल आणि त्यात झालेल्या लाभाहून मोठे नुकसान त्याच्या पदरी येत असेल, तर वरचे नुकसान मालकाने भरून द्यावयाचे. दोहोंपैकी एक मरण पावल्यास हा फुकट व्यवहार संपतो. तेव्हा घोडा कोणाच्या घरी जावयाचा, हेही कागदावर असू द्यावे.

परत आलेला घोडा तीन आठवडे इतर जनावरांपासून दूर बांधावा. त्याची बादली वेगळी, खरारा वेगळा, आणि शक्य तर मोतद्दारही वेगळा. तसे नसेल तर मोतद्दाराने आधी घरच्या घोड्यांचे काम उरकून मग याच्याकडे जावे. सकाळ-संध्याकाळ ताप पाहून तो तारखेसह टिपावा. खोगिराखाली पाठ सोलवटली आहे काय, तंगाच्या जागी घट्टे पडले आहेत काय, हे ज्याने घोडा आणला तो समोर उभा असतानाच पाहावे व दोघांनी सही करावी. चारा पुन्हा पूर्वीच्या क्रमाने, हळूहळू बदलावा. साज वेगळा धुऊन उन्हात वाळवावा. तोबरा मात्र परत घेऊ नये; तो घेणाऱ्याकडेच राहू द्यावा.